सातांतले दोन अहवाल

१९८७च्या उन्हाळ्यात सौंसरच्या शेतमाल संघाच्या नव्या कॉम्प्युटरने चौदा जिवंत सभासदांना मयत ठरवलं. त्यातला एक जण आपण जिवंत आहोत हे सांगायला स्वतः आला, तेव्हा कारकुनाने त्याच्याकडून तसा अर्ज लिहून घेतला. चूक प्रोग्रामात होती. मॅनेजर भगवंतरावांनी पांढुर्ण्याहून उत्तम सोमकुवर सरांना बोलावून घेतलं.

सोमकुवर सर कॉलेजात गणित शिकवत. मूळचे रामाकोन्याचे. वडील दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राबले, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेले सर पहिलेच. दोन वर्षांपूर्वी त्यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. अर्ध्यांचा प्रोग्राम मशीनवर चढवण्याआधी दुसऱ्याने कागदावर वाचायचा, अर्ध्यांचा थेट चढवायचा. वाचलेल्या प्रोग्रामांत चुका निम्म्याहून कमी निघाल्या. नागपूरच्या एका परिसंवादात त्यांनी तो अहवाल वाचला, तेव्हा लोकांनी शाल-श्रीफळ दिलं. सरांच्या आयुष्यातली ती एकमेव शाल.

"सर, वाचून घ्यायचं का नाही, एवढंच सांगा," भगवंतराव म्हणाले. "वाचायले दोन दिवस जाते."

"माझ्या एका प्रयोगावरून नाही सांगता येत. बाकीच्यांनी काय पाहिलं ते मागवतो."

सरांनी तीन महिने पत्रं लिहिली. नागपूर, पुणे, भोपाळ, मद्रास, जिथून जे आलं ते गोळा केलं. स्वतःचा धरून सात अहवाल झाले. पाचांत वाचल्याचा फायदा दिसत होता, दोहोंत नव्हता.

"मंग झालं नं," भगवंतराव म्हणाले. "पाच विरुद्ध दोन. सरपंचही याच्यापेक्षा कमी मतानं निवडून येते."

"हे मतदान नाही, भगवंतराव. एकात सहा माणसं आहेत, एकात साठ. दोन्हींचं वजन सारखं कसं धरू?"

संघाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या इंदू गजभियेला सरांच्या मदतीला दिलं. चौदा मयत तिच्याच हातून झाले होते, त्यामुळे ती फार बोलत नसे. दोघांनी प्रत्येक अहवालाचा एकेक पुठ्ठा केला आणि त्यावर लिहिलं: माणसं किती, प्रोग्राम केवढा, चुका कशा मोजल्या. चौथ्या दिवशी इंदूने दोन पुठ्ठे शेजारी ठेवले.

"सर, या दोन्हींत माणसं अठरा-अठरा आहेत. चुकाही त्रेचाळीस-त्रेचाळीस. आणि दोन्हीकडं तिसऱ्या दिवशी एक जण तापानं पडला."

सरांनी लिहिणाऱ्याला पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: प्रयोग एकच, दोन ठिकाणी छापायला दिला होता, कळावे. सरांनी एक पुठ्ठा काढून टाकला.

मग इंदूने सरांचा पुठ्ठा उचलला. म्हणाली, "सर, एक विचारू का? वाचायच्या गटात कोणाले बसवलं होतं?"

"ज्यांनी हात वर केला त्यांना."

"म्हणजे हुशार पोरंच नं?"

सरांनी कॉलेजच्या जुन्या निकालपत्रकांतून मार्क काढून पाहिले. हात वर करणाऱ्यांत वर्गातले पहिले सहा होते. त्यांच्या चुका तशाही कमीच असायच्या. त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोला, वत्सलाबाईंना, सांगितलं की शाल चुकीच्या गोष्टीसाठी मिळाली.

"मंग आता परत मांगून राहिले का ते लोक?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग भाजी घ्या."

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःचा पुठ्ठा काढला. उरले पाच. त्या पाचांकडे पुन्हा पाहिलं तेव्हा कळलं, की फायदा न दिसलेल्या दोन्ही अहवालांतले प्रोग्राम पानभराचे होते. बाकी तिन्हींतले लांबलचक होते. सरांनी भगवंतरावांना लिहून दिलं: मोठा प्रोग्राम वाचून घ्यावा, साधारण एक तृतीयांश चुका आधीच सापडतात, छोटा वाचून फारसं काही हाती लागत नाही, आणि हे पाचच अहवालांवरून सांगतो आहे.

"एवढ्यासाठी चार महिने?" भगवंतराव म्हणाले. "अन् तुमचाच प्रयोग तुम्ही बाहेर काढला?"

"तो टिकत नव्हता."

भगवंतरावांनी नाराजीने सही केली. त्यानंतर संघात मोठे प्रोग्राम दुसऱ्याने वाचायची पद्धत पडली. सभासदांच्या पुढच्या यादीत दोनच जिवंत माणसं मेली.

सरांनी परिसंवादवाल्यांना आपल्या प्रयोगातला दोष कळवला. उत्तर आलं नाही, अहवाल मात्र तसाच छापून आला. १९८८ साली त्यांनी इंदूला सोबत घेऊन प्रयोग पुन्हा केला. यावेळी गट चिठ्ठ्या टाकून पाडले. फायदा निघाला, पण पहिल्याच्या निम्माही नाही. सरांनी नवा पुठ्ठा केला, त्यावर इंदूचं नाव आधी लिहिलं आणि बाकीच्या पाचांत ठेवून आकडेमोड पुन्हा मांडली. उत्तर थोडंसंच हललं.