गोड पाण्यात झुरणारे मासे

गोवा घटकराज्य होऊन काही वर्षं झाली होती, आमच्या डिचोलीच्या घरात नुकताच फोन आला होता, आणि माझ्या काचेच्या पेटीतले आफ्रिकेचे सिक्लिड मासे एकेक करून मरत होते. सासूबाईंनी बजावलं, "आणिक एक मेलो, की पेटी भायर. घरात मरण नाका." नवरा पेपरामागे लपला. शाळेत पोरांच्या कलकलाटाने डोकं उठलं की घरी येऊन त्या माशांपुढे बसायचं, एवढंच माझं सुख. तेवढंही या बाईंना सोसेना!

मासे तरी कसले, भांडकुदळ! निळा नर स्वतःला जमिनीचा मालक, भाटकार समजायचा आणि बाकीच्यांना आपल्या जमिनीवर राहणारे मुंडकार. कोणी त्याच्या जागेत शिरलं की शेपटी कुरतडलीच. फाटक्या शेपटीला मग बुरशी धरायची. शेवटी मी पणजीच्या मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला. तो पुण्याकडचा. त्याने विचारलं, "पाणी कसलं घालता?"

"आमच्या बांयचं, म्हणजे विहिरीचं. अख्ख्या वाड्यात कुणाच्या घरी असं गोड पाणी नाही!"

"तेच नडलं. त्यांच्या आफ्रिकेतल्या तळ्याचं पाणी जड, चुन्याचं. गोड पाण्यात ते झुरतात, आणि झुरलेला मासा मार खाल्ला की उठत नाही. शिंपल्या टाका. आणि दगड हलवत राहा, म्हणजे त्या निळ्याला आपली हद्द कुठली तेच कळणार नाही."

सासूबाईंना हे सांगितलं मात्र, त्या उसळल्या. "त्या बांयच्या उदकार पाच भुरगीं वाडयलीं हांवें! तुज्या नुस्त्यांक तें नाका?" पाच पोरं ज्यावर वाढली ते पाणी माशांना नको, म्हणजे सासूबाईंचाच अपमान.

चूक माझीच होती, पण अशी चूक करायला आमच्या वाड्यातच नांदावं लागतं. पाहुणा असो की देव, आधी बांयचं पाणी पुढे करायचं. माशांनाही मी तोच मान दिला होता.

आम्ही तिसऱ्या खाऊन शिंपल्या माडाच्या बुडाशी टाकत असू. त्या मी गोळा केल्या, घासल्या, उकळल्या आणि पेटीत पसरल्या. दर रविवारी थोडं पाणी बदललं, दगड आणि मडक्याची खापरं इकडची तिकडे केली. निळा रागाने फिरत राहिला, पण नेमकं काय राखायचं तेच त्याला उमगेना. म्हटलं, बस आता रांडेच्या! हळूहळू शेपट्या भरून आल्या. पिवळे तर असे झळकायला लागले की नवरासुद्धा पेपर बाजूला ठेवून बघत बसला.

आणि मग एका पिवळीने खाणं सोडलं. गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं. गेली ही, आणि गेली पेटी! पुन्हा फोन. दुकानदार हसला. "अहो, अंडी तोंडात धरलीत तिने. वेगळी काढा, नाहीतर तो निळा छळेल."

मी ओरडलेच, "म्हणजे गुरवार!"

"नाही हो बाई, आज मंगळवार."

आता या पुणेकराला कोण समजावणार, की आमच्याकडे पोटुशी बाईला गुरवार म्हणतात!

दुसरी छोटी पेटी मी सासूबाईंच्या खाटेशेजारी मांडली. घरात दुसरीकडे जागाच नव्हती. त्या कडाडल्या, "एक भायर काड म्हळ्यार दुसरी हाडलीस?"

"ती गुरवार आहे," मी म्हटलं.

वाकून बघितलं त्यांनी. "मगे खायना कित्याक?"

"तोंड उघडलं तर पोरं सांडतील."

तीन आठवडे ती बया उपाशी राहिली, आणि तीन आठवडे सासूबाई सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर बसून. एका सकाळी हाक आली, "गो, बेगीन यो!" धावत गेले. पिवळीच्या तोंडातून तांदळाच्या कणीएवढी पिल्लं बाहेर पडत होती आणि आमची सावली पडताच पुन्हा आत शिरत होती. जिंकले मी! अक्षरशः नाचले, या वयात.

नवऱ्याला नीट दिसेना म्हणून त्याने पेटी उजेडाकडे सरकवायला हात घातला. सासूबाईंनी फाडकन त्याच्या हातावर मारलं.

"हात लायनाका! पेटी आतां भायर वचपाची ना. भितर बाळंतीण आसा."