पाडव्याची अदलाबदल

दसरा उलटला की मनकर्णेच्या बोटांना लागलेली शाई थेट संक्रांतीलाच जायची. तिचे यजमान गुणवंतराव आरमोरीकडच्या एका खेड्यात मास्तर होते आणि नाटकं लिहायचे. झाडीपट्टीत धान कापणीला आलं की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, ठरतात, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. कुरखेड्यापासून पार ब्रह्मपुरीपर्यंतची मंडळं मास्तरांच्या ओसरीवर येऊन बसायची. कुणाला राजा-राक्षस हवे, कुणाला सासू-सून, कुणाला एकाच नाटकात दोन्ही. मास्तर कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. हा त्यांचा मोठा गुण होता आणि मनकर्णेच्या मते तोच मोठा अवगुण.

नाटक मास्तर लिहायचे खरं, पण ते पात्रांच्या हातात पडायचं मनकर्णेमुळे. चौथी पास झालेली, अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक पात्राचं भाषण वेगळ्या कागदांवर उतरवायचं आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन शब्द वर टाकायचे, म्हणजे ते कानावर पडले की गड्यानं तोंड उघडावं. याला नकला म्हणत. दिवाळी जवळ आली की एका हातानं कढईतली चकली उलटायची आणि दुसऱ्या हातानं सेनापतीला मारून टाकायचं, अशी तिची तारांबळ. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी नवऱ्याजवळ निवांत बसल्याचं तिला आठवत नव्हतं. मास्तर घरात पुष्कळ बोलायचे, पण बोलायचे ते राजे नाहीतर राक्षस. तिचा नवरा त्यातून क्वचितच बाहेर यायचा.

आणि मग त्रेपन्न सालची दिवाळी आली.

त्या साली दिवाळीला द्यायची दोन नाटकं होती. एक वैनगंगेपलीकडच्या चिंचटोल्याचं, ‘काळ्या किल्ल्याचा कैदी’. दुसरं अलीकडच्या मोहटोल्याचं, ‘सौभाग्याची सुपारी’. मोहटोला मनकर्णेचं माहेर. तेव्हा ठरलं असं, की लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मास्तरांनी आपला गठ्ठा घेऊन चिंचटोल्याला जायचं आणि मनकर्णेनं भावाच्या बैलगाडीतून माहेरी. संध्याकाळी नकला लक्ष्मीपुढे ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी पाडव्याला नारळ फोडून तालमीचा मुहूर्त करायचा. दोन्ही गठ्ठे एकाच जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधलेले. निघायच्या घाईत व्हायचं तेच झालं. पूजेला गठ्ठा सोडला तर चिंचटोल्याच्या राक्षसाच्या हाती सवतीचं भाषण आलं, आणि मोहटोल्याला सासूचं काम करणारा बुधू ‘याला बुरुजावरून लोटून द्या’ म्हणून बसला.

पाडव्याच्या सकाळी दोघंही आपापल्या गावाहून धावत सुटले. मधे नदी. दोघांची गाठ पडली ती होडी चालवणाऱ्या डोमा ढिवराच्या घाटावर. मास्तर डोंग्यातून उतरताना घाईत घसरले आणि धोतर-सदऱ्यासकट नदीत बसले. अशा रीतीनं त्यांचं दिवाळीचं स्नान भर दुपारी पार पडलं. मनकर्णा रागावणार होती, पण हसायलाच लागली, आणि इतकी हसली की वाळूतच बसली. डोमाच्या बायकोनं, रुखमानं, चुलीवरचे उकडलेले शिंगाडे पुढे ठेवले. तोच फराळ. पाडवा आहे, नवऱ्याला ओवाळलं पाहिजे, म्हणून रुखमानंच काठच्या मातीचा दिवा वळला आणि त्यात मोहाच्या बियांचं तेल घातलं. ओवाळणी घालायला मास्तरांच्या ओल्या खिशात पेनाशिवाय काहीच नव्हतं. त्यांनी पेनच पळसाच्या पानावर ठेवलं.

ते पेन मनकर्णा माहेरी घेऊन गेली. मास्तरांना त्या तालमीत एक ओळ बदलता आली नाही आणि ते नाटक पहिल्यांदाच लिहिलं तसं झालं. पण तिच्या मनात राहिली ती दुपार. वाळूत बसून शिंगाडे सोलता सोलता मास्तर तिच्याशी बोलले होते. लहानपणी हरवलेल्या म्हशीबद्दल, आईच्या हातच्या आंबाडीबद्दल, आणि मनकर्णा लग्नात किती भेदरलेली दिसत होती त्याबद्दल. त्यात एकही राजा नव्हता.

पुढच्या साली गठ्ठे पुन्हा बदलले. दोघांनीही कपाळाला हात लावला, दोघंही घाटावर आले, मास्तर पुन्हा घसरले, पुन्हा शिंगाडे, पुन्हा पेन. तिसऱ्या साली मात्र गठ्ठे आपोआप बदलतील याची मनकर्णेला खात्री वाटेना. तेव्हा तिनंच गुपचूप बदलून टाकले आणि मोहटोल्यात फडकं सोडताना असं तोंड केलं, की तिची खुद्द आईसुद्धा फसली. नाटककाराच्या बायकोला तेवढं यायलाच हवं.

छप्पन साली गाडं अडलं. चिंचटोल्याच्या मंडळाचे मुखरू पाटील दिवाळीच्या तोंडावर स्वतः ओसरीवर येऊन बसले. चांदा जिल्हा त्याच आठवड्यात मुंबई राज्यात जाणार म्हणून शाळेत मास्तरांची धांदल उडालेली, पण पाटलांना राज्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांचा मुहूर्त तीन वर्षं रात्रीपर्यंत ताटकळला होता आणि गावात त्यांचं हसं झालं होतं. या साली मुहूर्त सकाळीच होणार, आणि गठ्ठा चुकला तर पुढचं नाटक दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ, असं त्यांनी रोखठोक सांगितलं. मास्तर गंभीर झाले. पाटलांच्या समोरच ते म्हणाले, “या साली मी सोता बांधतो. चिंचटोल्याचं लाल फडक्यात, मोहटोल्याचं पांढऱ्या. चूक होवाची बातच नाई.”

मनकर्णा आतून ऐकत होती. पाटलांचं खरं होतं, मास्तरांचं खरं होतं. चिंचटोल्यासारखं गाव हातचं गेलं तर बाकीची मंडळंही बिचकतील, हे तिलाही कळत होतं. पण वर्षाकाठी एक दुपार तिच्या वाट्याला आली होती आणि तीही आता लाल फडक्यात बांधून चालली होती. तिला आतून इतकं भरून आलं, की त्या दिवशी उतरवलेल्या नकलेत तिनं नायिकेला दोनदा रडवलं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मास्तर विहिरीवर आंघोळीला गेले. दोन्ही गठ्ठे फळीवर तयार होते. आतले कागद वर्तमानपत्रात गुंडाळलेले, वरून फडकं. मनकर्णेनं दाराकडे पाहिलं, लाल सोडलं, पांढरं सोडलं, आतल्या पुड्यांची उलटापालट केली आणि जशाच्या तशा गाठी मारल्या. बादलीचा आवाज थांबला तेव्हा ती चुलीपुढे बसून निरागसपणे फुंकत होती. चुलीत विस्तव नव्हता, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

संध्याकाळी मोहटोल्यात लक्ष्मीपुढे पांढरा गठ्ठा ठेवला. सगळं मंडळ भोवती गोळा. सवय झालेली, त्यामुळे जो तो आधीच हसत होता. या खेपेला काय निघतं, भूत की सेनापती, यावर पैजा चाललेल्या. मनकर्णेनं चेहऱ्यावर आश्चर्य तयार ठेवून गाठ सोडली, वर्तमानपत्र उलगडलं आणि तिचं तयार आश्चर्य तसंच राहून खरंच आश्चर्य चेहऱ्यावर आलं. नकला मोहटोल्याच्याच होत्या. पहिल्या पात्रापासून शेवटच्यापर्यंत, बरोबर.

मंडळानं टाळ्या वाजवल्या. तिचा भाऊ दादाजी खूश झाला. आणि मनकर्णा लक्ष्मीपुढे बसल्या बसल्या घामाघूम झाली.

तिनं तर बदलले होते. मग सरळ कसे झाले? याची दोनच उत्तरं होती. तिच्या आधीच मास्तरांनी स्वतः बदलून ठेवले असतील, म्हणजे तिच्या बदलण्यानं ते पुन्हा जागच्या जागी आले. तसं असेल तर त्यांनाही ती दुपार हवी होती. नाहीतर तिनं बदललेले मास्तरांच्या लक्षात आले आणि त्यांनी निमूट सरळ केले. तसं असेल तर त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळूनही त्यांनी पाटलांचा मुहूर्त निवडला होता. पहिलं उत्तर आठवलं की तिला उभ्यानं नाचावंसं वाटे. दुसरं आठवलं की तोंड लपवावंसं वाटे. पानात वाढलेलं गोड तिनं खाल्लं की नाही, तेही तिला कळलं नाही.

सकाळी उजाडताच तिनं लुगडं नेसलं, आरतीची वात ओच्यात बांधली आणि निघाली. दादाजीनं हटकलंच.

“आता काऊन चालली बाई? गठ्ठा त बराबर हाये ना.”

“शिंगाडे आनाचे हायेत,” ती म्हणाली आणि पुढचा प्रश्न यायच्या आत वाटेला लागली. शिंगाडे मोहटोल्याच्या तळ्यातही टोपल्यांनी होते, हे दादाजीला ठाऊक होतं. पण बहिणीची चाल पाहून तो तालमीकडे वळला.

दोन्हीकडे पिवळं धान, कुठे कापलेलं, कुठे उभं. मनकर्णेला त्यातलं काही दिसत नव्हतं. ती अर्धी चालत होती, अर्धी पळत होती. मनात एकच, तिकडे आता नारळ फुटला असेल, पाटलांनी मास्तरांना मधोमध बसवलं असेल, पात्रं वाचायला लागली असतील, आणि तालीम सुरू झाली की मास्तरांना जग दिसत नाही. ते यायचे असले तरी येऊ शकतील का? आणि यायचेच नसले तर आपण डोमा-रुखमापुढे कोणत्या तोंडानं बसायचं?

घाटावर डोमा जाळं पसरून बसला होता. डोंगा अलीकडे बांधलेला. पलीकडच्या काठावर कुणी म्हणजे कुणी नव्हतं. रुखमानं तिला पाणी दिलं आणि यंदा मास्तर नाहीत का, असं सहज विचारलं. मनकर्णेनं पाणी पिऊन वेळ मारून नेली. सूर्य वर आला. चुलीवरचे शिंगाडे उकडून झाले. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि तिला आपलाच राग आला. एवढी नाटकं उतरवली, एवढ्या नायिका रडवल्या, आणि शेवटी आपणही त्यांच्यातलीच एक निघालो.

तेवढ्यात डोमा उठला. हात डोळ्यांवर धरून म्हणाला, “मास्तरच होय. पाह्य, कसा धावून राह्यला.”

पलीकडच्या वाळूतून एक माणूस खरंच धावत येत होता. कपाळावर मुहूर्ताचा गुलाल, धोतराचा सोगा हातात. डोमानं डोंगा सोडला. तो पार जाऊन परत येईपर्यंत मनकर्णा पाण्यात घोट्यापर्यंत कधी शिरली, तिचं तिला कळलं नाही. डोंगा जवळ आला. तिनं आधी मास्तरांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. मास्तरांनी तिच्या हातांकडे पाहिलं. तेही रिकामे. मग मास्तर उतरायला गेले आणि नेहमीच्या जागी, नेहमीसारखे, नदीत बसले.

“गठ्ठा?” तिनं विचारलं.

“बराबर निंघाला.” ते पाण्यात बसूनच बोलत होते. “तुहा?”

“माहाबी.”

मग मास्तरांनीच कबूल केलं. पाटलांच्या धाकानं या साली मनकर्णा हात लावणार नाही असं त्यांना वाटलं होतं, म्हणून भल्या पहाटेच त्यांनी पुड्या बदलून ठेवल्या होत्या. आणि मग आंघोळीला गेले होते.

“मी लावला ना हात,” मनकर्णा म्हणाली. “तुमी आंघोळ करत होते तवा.”

“म्हंजे गेल्या सालीबी तूच? वाटलंच होतं मले.”

“मीच. आन त्याच्या आदल्या साली?”

मास्तर धोतर पिळत नदीकडे पाहू लागले. “मी,” ते म्हणाले.

म्हणजे पहिलं साल तेवढं खऱ्या चुकीचं होतं. रुखमाला आता कुठे उलगडा झाला आणि ती पदर तोंडात घालून हसायला लागली. मनकर्णेला मात्र हसता येईना. पोटातलं बाहेर पडल्याशिवाय चैन नव्हतं.

“मले वाटलं, तुमी माही चोरी धरली न् गठ्ठे सरळ केले,” ती म्हणाली. “येनार नाई वाटलं तुमी.”

मास्तरांचा चेहरा बदलला. “मलेबी तसंच वाटलं. तू सरळ केले वाटलं. नारळ फुटला न् मी निंघालो. पाटील बसा म्हनत होते, मी चप्पलबी घातली नाई. आन घाटावर तू नसती त...”

तालुकाभरच्या राजांना आणि राक्षसांना पानंपानं भाषणं देणारा माणूस, त्याला स्वतःचं एक वाक्य पुरं करता आलं नाही. मनकर्णेनं त्यांच्या अनवाणी, वाळूनं माखलेल्या पायांकडे पाहिलं आणि तिला जे हवं होतं ते सगळं मिळालं. ती सुखावली, अगदी उघडपणे, डोमासमोर.

मग रुखमानं दिवा वळला. मनकर्णेनं ओच्यातली वात त्यात ठेवली आणि नवऱ्याला ओवाळलं. पेन पळसाच्या पानावर आलं. मास्तरांनी शिंगाडा सोलून आधी तिच्या हातावर ठेवला आणि हळूच विचारलं, पुढच्या साली गठ्ठे बदलायची पाळी कुणाची ते आत्ताच ठरवायचं का. या सालासारखा घोळ नको.

“ठरवाचं नाई,” मनकर्णा म्हणाली. “बदलवा नाईतर नका बदलवू. पन घाटावर याचं.”

मास्तरांनी मान हलवली आणि दुसरा शिंगाडा सोलायला घेतला.