रक्ताचं वय

अकोल्यात जठारपेठेतल्या एका लॅबमध्ये मी रक्त काढायचो. तपासून झालं की नळ्या टाकून देता यायच्या, माणसं बोलून गेलेली वाक्यं मात्र साचत गेली. कापसानं लागोपाठ दगा दिला ती वर्षं. दुपारी शेजारच्या जिनिंगमधलं मशीन घुमू लागलं की खिडकीतून कापसाचे तंतू तरंगत आत यायचे. अजून डोळा लागला की मला ते दिसतात.

*

प्रोस्टेटच्या तपासणीत वयाचा रकाना महत्त्वाचा. वय वाढतं तशी नॉर्मलची हद्द वर सरकते. साठीत जो आकडा जास्त, तो सत्तरीत चालून जातो. आणि आमच्या निम्म्या पेशंटांचा वाढदिवस एक जून!

एका आजोबांना कारण विचारलं.

"गुरुजीनं त्या दिवशी शाळेत नाव लिहिलं. आमी तवाच जन्मलो."

*

दुसऱ्या एकांनी सलग तीन वर्षं साठच सांगितलं. मी हटकलं.

"मी काही जबान बदलणारा माणूस नाही, बापा."

मला हसू आलं, थोडा हेवाही वाटला.

*

चांदूर रेल्वेचे नामदेवराव शेतकरी, शरीफचाचा शिंपी. दोघे लंगोटीयार, तपासणीलाही जोडीनं आले. रिपोर्ट घेऊन बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसले. दोघांचा आकडा पाचाच्या जरासा वर. चाचांचं वय त्रेसष्ट, म्हणून शेरा : जास्त, डॉक्टरांना दाखवा. नामदेवरावांचं एकाहत्तर, म्हणून नॉर्मल.

"तुले दाक्तर, मले सुट्टी," नामदेवराव खुशीत म्हणाले.

चाचांनी दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

"काहून बे नामदेव, एकाच दाईच्या हातचे आपण. तू माह्याहून चार दिवसानं लहान. एकाहत्तरचा कधी झाला?"

नामदेवरावांनी आपला कागद ओढून खिशात घातला. म्हातारपणाच्या पेन्शनसाठी त्यांनी ओळखीच्या कार्डावर आठ वर्षं वाढवून घेतली होती. खरं वय सांगावं तर पेन्शन जाण्याची धास्ती, न सांगावं तर आजार अंगात लपून राहायचा. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

"मी एकटा दाक्तरकडं जात नाही," चाचा म्हणाले.

नामदेवराव उठून माझ्या टेबलाशी आले, हळूच वाकले.

"साहेब, कार्डावर एकाहत्तरच राहू द्या. रक्ताचं वय तेवढं त्रेसष्ट लिहा."