टिन वाजवून घेणारे आमचे जवाई

आमचे जवाई छताचे पत्रे कानाने विकत घेत. डोळे, वजनकाटा, मोजपट्टी ही साधने त्यांच्या मते अडाणी लोकांसाठी होती. दुकानात शिरले की थप्पीतला एक पत्रा उभा करायला लावत, बोटातल्या अंगठीने त्यावर टकटक करत, डोळे मिटत आणि आवाज विरेपर्यंत कोणाला बोलू देत नसत. मग म्हणत, "बोलते हो, हे टिन बोलते!" तिगावापासून रामाकोन्यापर्यंत ज्याला गोठ्यावर टिन टाकायचे असे, तो आधी यांना मोटरसायकलवर बसवून पांढुर्ण्याला नेई. माझ्या बहिणीचे हे यजमान. त्यांच्यामुळे लोक मला 'टिनवाल्या जवायाचा साळा' म्हणत. हमालीपासून वर आलेल्या माणसाला असे ऐकून घ्यावे लागते!

ही विद्या त्यांनी आईकडून उचलली होती. ती बाजारात मडके वाजवून घ्यायची. खणखणले ते पक्के, बद्द वाजले ते तडकलेले. मडक्यापुरते ते खरेच आहे. जवायांनी तेच पत्र्याला लावले. कोणी हटकले तर म्हणत, "मडकं काय न् टिन काय, खोट असली का आवाज लपत नाही." पातळ पत्रा जास्त वाजतो, हे शेंबड्या पोरालाही कळते. यांना जन्मभर कळले नाही.

मी संत्र्याच्या पेट्या वाहून धंद्यात आलो. रामाकोन्याला स्वतःची शेड बांधली तेव्हा सौंसरच्या दुकानदाराशी दुपारभर भांडून पत्रे ठरवले. माझी रीत साधी: सारख्या मापाचे दोन पत्रे काट्यावर ठेवायचे, जो भारी तो जाड. सौदा तोंडी झाला आणि घरी आलो, तर आई म्हणाली, "जवायाले विचारलं का?"

"कायले विचारू?"

"घरच्या जवायाले डावलून छत टाकते का कोणी? तिकडं पोरीले ऐकून घ्या लागते, बापा."

झाले. सौंसरचा सौदा मोडला आणि मी जवायांना घेऊन पांढुर्ण्याला गेलो.

तिथला दुकानदार वस्ताद होता. जवाई दिसताच त्याने चहा मागवला आणि पातळ माल पुढे काढला. जवायांनी आधी जाड पत्रा वाजवला आणि तोंड वाकडे केले. "मुकं हाय हे, साळेबुवा. कायच्या कामाचं नाही." मग पातळ वाजवला. तो मंदिरातल्या घंटेसारखा घुमला. मी म्हणालो, "काटा आणा."

"काटा? साळेबुवा, टिन का कांदे हायेत तोलाले?"

बोरगावचे दोन गिऱ्हाईक खो खो हसले. जवायांना चेव आला. "तुमी संत्र्यातले, आमी टिनातले. आपापलं पाहावं माणसानं."

माझ्या तोंडाशी आलेली शिवी मी बहिणीसाठी गिळली. सौद्याच्या जागी तोंड मिटून बसलो, असा आयुष्यातला तो एकच दिवस.

पुढच्या मृग बहाराची संत्री तोडून शेडमध्ये रचली आणि गारपीट आली. आधी वारा पत्र्याखाली शिरला. ते खणखणीत टिन हुकापाशी वहीच्या कागदासारखे फाटले आणि शेजाऱ्याच्या गव्हात जाऊन पडले. उघड्या संत्र्यांवर गारा बरसल्या. गारेचा मार बसलेले संत्रे टिकत नाही. व्यापाऱ्याने ट्रक रिकामाच परत नेला.

जवायांनी दुकानदाराकडून दलाली खाल्ली, याची मला खात्री होती. दुसऱ्या दिवशी पावसातच तिगावला त्यांच्या घरी गेलो. शिव्या वाटेतच जुळवून ठेवल्या होत्या. दारातून पाहतो तर घरभर गळतीखाली गंज, पातेली, पराती, बादल्या मांडलेल्या, आणि बहीण भरलेला गंज बाहेर ओतून राहिलेली. जवाई शिडीवर चढून हुकाच्या भोकांत डांबर भरत होते. वर तेच टिन.

"हे कुठून आणलं?" मी विचारले.

"तिथूनच. स्वता निवडून आणलं," ते शिडीवरून अभिमानाने म्हणाले. "हवाच बेकार होती, साळेबुवा. माल एक नंबर हाय."

या माणसाने दलाली खाल्ली नव्हती! चोराशी भांडता येते, त्याच्याकडून वसूलही करता येते. प्रामाणिक मूर्खाकडून काय वसूल करणार? तरी जुळवलेल्या शिव्या मी सगळ्या दिल्या. त्या ऐकून घेऊन ते बहिणीला म्हणाले, "चहा ठेव वं. नुकसान झालं त्यायचं." मी चहा न घेता निघालो. नंतर शेडवर सौंसरचा जाड पत्रा टाकला, तोलून.

गेल्या हिवाळ्यात जवाई छातीच्या दुखण्याने गेले. तेरवी झाल्यावर मी ट्रॅक्टरमध्ये जाड पत्रे भरून तो बहिणीच्या दारात उभा केला. ती उंबऱ्यातच आडवी आली.

"नेऊन टाक दादा. हे त्यायनं निवडून आणलं हाय."

"अवं, पण गळते ना!"

"गळू दे. भांडे हायेत माह्यापाशी."

ट्रॅक्टर परत नेला. आता पावसात तिच्याकडे गेलो की ती माझी खुर्ची बरोबर कोरड्या जागी सरकवते आणि चहा देते. चारी बाजूंनी पाणी ठिबकत असते. मला त्या माणसाची अशी चीड येते की उठून ओरडावेसे वाटते, आणि त्या घरात ते ओरडणे ऐकून घ्यायला आता तो नाही.