पहाडावर पाणी मारलं त्याची गोष्ट

गेल्या मे महिन्यात हिमालयात बर्फ पडला, तो मी पाडला.

हे आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो. मी मुळातच कमी बोलणारा. (घरात सुनंदा, आणि सुट्टीला तिचा मोठा भाऊ नानाभाऊ! बोलायला जागा उरते कुठे?) पण आता हे ओझं पेलवत नाही.

लग्नापासून सुनंदाची एकच मागणी: "एकदा बर्फ दाखवा." सोनं नाही, साडी नाही, बर्फ! आमच्या गावी, आर्णीत, तो फक्त उसाच्या रसात सापडतो. शेवटी मी तिघांची तिकिटं काढली. दिवसभर धापा टाकत चढलो आणि पहाडावरच्या मुक्कामाच्या दगडी खोलीपाशी पोचलो. तिथं दगड होते, गवत होतं, वारा तर विचारूच नका. बर्फ तेवढा नव्हता!

"इस बार जल्दी पिघल गया," खोलीचे राखणदार रावतजी म्हणाले. "वो सामनेवाली चोटी पे है."

"लांबूनच पाहाचा होता, तं मोबाईलवर दिसत नव्हता काय, जवाईबुवा?" नानाभाऊंनी बूट काढता काढता विचारलं.

सुनंदा म्हणाली, "सकाळी तं उतरूनच राह्यलो आपण," आणि चष्मा पुसत बसली.

मला फार अपराधी वाटलं. आणि अपराधी वाटलं की मी काहीतरी काम शोधतो. संध्याकाळ होती, मे महिना होता, दारासमोर दगडी ओटा होता आणि कोपऱ्यात दोन भरलेल्या बादल्या! आता आर्णीचा माणूस काय करणार? मे महिन्यात झोपण्याआधी गच्चीवर पाणी मारल्याशिवाय आमच्याकडे कोणाला झोप येत नाही. हात आपोआप चालले. ओटाभर, पायऱ्यांवर, कोपऱ्याकोपऱ्यांत! अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, आणि तोंडानं म्हणतोय, "आता कसा मस्त गारवा येईन!"

(ते पाणी रावतजींनी खालच्या झऱ्यावरून खांद्यावर वाहून आणलं होतं, हे मला नंतर कळलं.)

सकाळी जाग आली ती नानाभाऊंच्या आवाजानं. "अरे बाप रे!" आणि धप्प!

"काय झालं, दादा?" सुनंदा धावली. धप्प!

ओटा आरशासारखा चकाकत होता. नानाभाऊ बसल्या बसल्या पायऱ्यांकडे निघाले होते. "धरा ना, जवाईबुवा! पाहून काय राह्यले?"

मी धरायला गेलो. धप्प!

रावतजी धावत आले. त्यांनी आभाळ पाहिलं, ओटा पाहिला, रिकाम्या बादल्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. मी कानटोपी नाकापर्यंत ओढली.

तेवढ्यात सुनंदा किंचाळली. काहीतरी मोडलं, या भीतीनं माझा जीवच गेला. पाहतो तर ती दोन्ही हातांनी ओटा खरवडतेय! "बर्फ! दादा, बर्फ! रात्री पडला वाटते!" पन्नाशीची बाई शाळकरी पोरीसारखी हसत होती. बर्फाचा एक पापुद्रा तिनं नानाभाऊंच्या कॉलरीत घातला, दुसरा माझ्या.

"पण आपल्याच ओट्यावर काहून पडला?" नानाभाऊ शहारत म्हणाले.

"माहं नशीबच तसं हाये!"

रावतजींनी तोंड उघडलं. मी हात जोडले. (बसूनच. उभं राहणं शक्य नव्हतं!)

"हां बहनजी," तो देवमाणूस म्हणाला, "कभी कभी होता है." आणि दोन्ही बादल्या माझ्या हातात देऊन त्यानं झऱ्याची वाट दाखवली.

आर्णीत परतल्यावर सुनंदानं तो बर्फ गल्लीभर वाटला. "दारात पडला, दारात!" वर्षभर मी मान खाली घालून ऐकत राहिलो. यंदा पुन्हा मे आला, आणि राहवेना. हे सगळं लिहून आधी तिलाच वाचायला दिलं.

तिनं शेवटपर्यंत वाचलं. चष्मा पुसला. मग आत जाऊन बादली भरून आणली आणि माझ्या हातात दिली.

"जा गच्चीवर. पाडा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी प्रयत्न चालू आहे. अजून तरी नुसता घामच पडतोय!