जिभेनं कोरलेली दाढ

अकोल्यातल्या माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी हा प्रसंग घडतोच. खुर्चीत सात-आठ वर्षांचं पोर, शेजारी त्याची आई, आणि पोराच्या खालच्या दाढेत काळं भोक. मी म्हणते, ही भरून घ्यावी लागेल. आई म्हणते, "दुधाची हाये ना मॅडम, पडन ते. भरता कायले?"

झालं, माझा पारा चढतो. ती दुधाची नसते. ती कायमची पहिली दाढ. समोरच्या मधल्या दातापासून मोजत गेलं की सहावी. बाळ जन्मतं त्या सुमारास हिरडीच्या आत तिची घडण सुरू होते, आणि सहाव्या वर्षी ती दुधाच्या दाढांच्या मागून हळूच वर येते. तिच्यासाठी कोणता दात हलत नाही, पडत नाही, रक्त येत नाही, छपरावर काही फेकावं लागत नाही. त्यामुळं घरात कोणाला तिचा पत्ताच नसतो. तिचं वरचं कवच शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू, पण एकदा किडलं की संपलं. मोडलेलं हाड जुळतं, फाटलेली कातडी भरून येते, दात मात्र रुसला की रुसला.

हे सगळं मी एका दमात सांगते. आई शांतपणे मान डोलावते आणि विचारते, "मंग पडन कवा?"

पूर्वी मी यावर चिडायची. आता चिडत नाही, निदान तोंडावर तरी नाही. कारण ज्या वर्षी मी ही दाढ पुस्तकातून पाठ करत होते, त्याच वर्षी माझ्या घरात तिचं काय चाललं होतं हे मला माहीत नव्हतं. आणि मी तर दातांची डॉक्टर व्हायला निघाले होते.

तेव्हा मी अमरावतीला पहिल्या वर्षात होते. डॉक्टर व्हायला आलोय म्हणून ऐटीत गेलो, तर हातात मेणाची वडी आणि कोरणी दिली. दात कोरा म्हणाले. पहिले काही महिने दुसरं काम नाही. समोरचे दात कसेबसे जमले. सुळाही निभावला. मग आली खालची पहिली दाढ. तिला पाच उंचवटे. तीन गालाच्या बाजूला, दोन जिभेच्या बाजूला, मधून वाकड्यातिकड्या खाचा, खाली दोन मुळं. मी पहिली कोरली ती आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी चिमटीत धरून खिडकीकडं नेली आणि म्हणाल्या, "हे भजं छान आहे. दाढ कुठंय?"

मॅडम पुण्याच्या. आमची वऱ्हाडी बोली उद्धट वाटते असं त्या नेहमी म्हणायच्या, आणि स्वतः गोड आवाजात असली वाक्यं फेकायच्या. दुसरी दाढ त्यांनी पाहिली आणि नुसतीच परत दिली. तिसरी हातातही घेतली नाही. सोमवारी चौथी पसंत पडली नाही तर प्रात्यक्षिकाला बसता येणार नाही, असं वहीवर लिहून दिलं.

शनिवारी मी मेणाच्या दोन वड्या पिशवीत टाकल्या आणि परतवाड्याच्या गाडीत बसून घरी आले. घर परतवाड्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. बाबा संत्र्याची कलमं बांधायचे. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला चीर देऊन तिच्यात संत्र्याचा नखाएवढा डोळा बसवायचा आणि पट्टी गुंडाळायची, हे काम. दिवसाला शेकडो डोळे बसवायचे, आणि बसवलेला डोळा सहसा वाया जात नसे. त्यांच्या सुरीला घरात कोणी हात लावायचा नाही, आईनंसुद्धा.

जेवताना मी रडून घेतलं. बाबा नेहमीसारखे भाकर वरणात कुस्करून, सगळ्यांच्या मागून, सावकाश खात होते. त्यांच्या या खाण्याची आम्ही फार टिंगल करायचो. "बाबाचं रवंथ चालू हाये," असं मी आणि आई एकमेकींना सांगायचो. शिवाय त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम लवंगा. मसाल्याच्या डब्यातल्या लवंगा संपल्या की आई म्हणायची, "ह्या घरात उंदरायले लवंगेचा शौक हाये." बाबा हसायचे आणि कुस्करा चिवडत बसायचे.

रविवारी सकाळी ते ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "दे इकडं ते मेन. कोन्ती दाढ पायजे?"

"खालची. समोरून सहावी."

बाबांनी डोळे मिटले. त्यांचा गाल आतून हलायला लागला. जिभेनं एकेक दात मोजत ते मागं गेले, थांबले, आणि डोळे न उघडताच त्यांनी सुरी मेणात घातली. मी म्हटलं, पुस्तकात चित्र आहे, बघून कोरा.

"चित्र कायले? तोंडात असल हाये ना."

"पण दिसते कुठी?"

"जिभेले मालूम हाये."

दोन तास चाललं होतं. जीभ आत फिरायची, सुरी बाहेर. तिकडं रोपं पाण्याची वाट बघत होती. आई दोनदा ओट्यावर येऊन गेली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "अवो, दात कोरून पोट भरते काय कधी?" पुढं जन्मभर त्यावरच माझं पोट भरणार होतं, पण तेव्हा ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही त्याची खात्री नव्हती.

दाढ झाली. मी ती तळहातावर घेतली आणि खरं सांगते, मला लाज वाटली. मॅडमच्या भीतीनं आम्ही जे कोरायचो ते मेणच राहायचं. ही दाढ वाटत होती. उंचवटे जरा सपाट होते, पण दोन मुळं नीट फाकलेली होती. जीभ मुळांपर्यंत जात नाही हे माझ्या डोक्यात आलं. विचारलं तर म्हणाले, "झाड पाह्यलं की खाली मुया कश्या असन ते समजते." मागच्या अंगाला मात्र एक खोल खळगा होता. मला वाटलं, सुरी घसरली असेल. बुजवायला जाऊन बिघडवण्यापेक्षा मी ती तशीच रुमालात गुंडाळली.

सोमवारी मॅडमनी ती घेतली आणि या वेळी भज्याचं नाव काढलं नाही. चष्मा वर करून त्यांनी खळग्यात सुईसारखं हत्यार फिरवलं.

"कोणी कोरली?"

"मी," मी म्हणाले.

"तोंड उघड."

वर्गातली साठ पोरं बघत असताना मी आ केला. आरसा घालून त्यांनी माझी डावी दाढ पाहिली, उजवी पाहिली. दोन्ही धडधाकट.

"तुझी नाही. उंचवटे झिजलेत, म्हणजे माणूस पन्नाशीच्या आसपासचा. दाढेला हे भोक आहे, आणि ते पुस्तकातलं नाही. कोणाची?"

"बाबांची," मी म्हणाले, आणि माझे कान गरम झाले.

मी शिक्षेची वाट बघत होते. शून्य तर मिळालंच. मग मॅडम हळू म्हणाल्या, "बुधवारी त्यांना इथं तपासायला घेऊन ये. आणि पुढच्या सोमवारी तुझी दाढ. तुझ्या हातची."

जिन्यात उभी राहून मी बाबांना फोन लावला.

"काय म्हनली मॅडम? पास?"

"शून्य. बाबा, तुमी भोक काहून कोरलं?"

"हाये तं कोरलं. नसतं तं कोरलं नसतं."

"मंग सांगितलं काहून नाई? दुखत नाई का?"

"पहिले दुखे. आता नाई दुखत."

त्यांना वाटलं हे ऐकून मला बरं वाटेल. पण दुखायची थांबलेली किडकी दाढ म्हणजे आतली नस मेलेली, एवढं मी तोपर्यंत शिकले होते. कुस्करा, रवंथ आणि आईचे उंदीर सगळे एकदम डोळ्यांसमोर आले. तीन महिने मी खोलीतल्या मैत्रिणींची, मेसवाल्या मावशींची, दिसेल त्या जांभई देणाऱ्याची दाढ बघत सुटले होते. ज्या माणसासमोर बसून जेवत होते त्याच्या तोंडात एकदाही डोकावले नव्हते. मला माझाच राग आला, आणि तो नेहमीप्रमाणं मी बाबांवरच काढला. बुधवारी आला नाहीत तर कॉलेज सोडून घरी येते, अशी धमकी दिली.

ते आले. धुतलेला सदरा, खिशात लवंगा. तपासणीच्या रांगेत बाकावर बसलो तेव्हा मी विचारलं, "किती दिवसापासून हाये हे?"

"तू बारावीत होती तवापासून."

"दोन वर्सं? परतवाड्यात कोनाले दाखवाचं तं होतं."

बाबा जरा ओशाळून हसले. "दुसऱ्याले कायले दाखवू? तुही इकडं ॲडमिशन झाली. म्या म्हनलं, घरचाच डॉक्टर होऊन राहिला. चार-पाच वर्सं तं पाहाचं. तुहा पहिला पेशंट मीच."

माझ्यासाठी ते दाढ राखून ठेवत होते, आणि राखता राखता ती आतून पोकळ झाली होती. आत गेलो तेव्हा ती वाचावी म्हणून मी मनात काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडाकडं धरला आणि नकारार्थी मान हलवली. दाढेची भिंत मुळापर्यंत तडकली होती. काढावी लागली.

बाबांनी ती दाढ मागून घेतली. तोंडात बोळा असल्यामुळं बोलता येत नव्हतं. रुमालात बांधून त्यांनी ती माझ्या हातात ठेवली आणि बोटांनी कोरल्याची खूण केली.

त्या आठवड्यात मी दुसरं काही केलं नाही. दाढ उकळून घेतली, समोर ठेवली आणि कोरत बसले. त्यांची मेणाची शेजारी ठेवली तेव्हा दिसलं, बाबांनी कोरलेलं भोक खऱ्या भोकाच्या दुप्पट होतं. जिभेला सगळं मोठं लागतं. बाकी सगळं जिथल्या तिथं होतं, मुळांचा फाकसुद्धा. मी माझी दाढ कोरताना भोक बुजवलं आणि झिजलेले पाचही उंचवटे वर उचलले. सहाव्या वर्षी ती वर आली तेव्हा जशी असेल तशी मला ती हवी होती. सोमवारी मॅडमनी ती फिरवून फिरवून पाहिली, पाच उंचवट्यांवरून नख फिरवलं आणि वहीत सही केली.

शनिवारी ती घेऊन मी घरी गेले. बाबा रोपांत बसले होते. त्यांनी हात धुतले, दाढ घेतली आणि डोळे मिटले. अंगठा मेणावरून फिरत होता आणि गाल आतून हलत होता. जीभ रिकाम्या जागेवर गेली असणार.

"अशी होती का बाबा?"

"येवढी चांगली तं मले आठवत नाई," ते म्हणाले. "पन असन बाप्पा. नवी व्हती तवा कोन पाह्यली?"

मग दाढ त्यांनी सदऱ्याच्या खिशात, लवंगांच्या जागी टाकली, उन्हाकडं तोंड केलं आणि मोठा आ केला.

"आता बाकीचे पाहून घे. म्या आता थांबत नाई पाच वर्सं."

मी गुडघ्यांवर बसले आणि समोरच्या दातापासून मोजायला लागले. एकतीस होते. मी दोनदा मोजले.