जागा चुकलेला फर्मा

अण्णांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली आणि एकही पुरतं वाचलं नाही. "वाचत बसलो असतो तर शिवली असती कुणी?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. वर तोरा असा, की पुस्तक म्हणजे शिवण, बाकी सगळी शाई!

त्यांची सून बी.ए.ला दुसऱ्यांदा बसत होती. गेल्या वर्षी कादंबरीच्या पेपरने तिचा घात केला होता. प्रतीक कसंबसं कळायचं, पण 'पूर्वसूचना', म्हणजे पुढे घडणाऱ्याची आधीच दिलेली चाहूल, आली की डोकंच चालेना. यंदाही नापास झाली, तर शाळेतली नोकरी हातची जाणार होती. कादंबरीची प्रतही पार खिळखिळी झालेली. अण्णांनी न विचारता ती उचलली, उसवली, नव्याने शिवली आणि वर निळा कापडी पुठ्ठा चढवला.

दुपारी ती वाचायला बसली, तर सतराव्या पानाच्या जागी कादंबरीचा नायक, नावाडी, नावेचा दोर तुटून बुडालासुद्धा! शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानांचा जुडगा, अण्णांनी पहिल्याच्या मागेच शिवला होता. चरफडत तिने तो वाचला आणि पुन्हा पहिल्या पानावर आली. चौथ्या पानावर नावेचा दोर झिजलेला होता. "उद्या बघू," नावाडी म्हणत होता. हे वाक्य तिने आजवर दहादा तरी वाचलं असेल. लेखकाने सगळं आधीच सांगून ठेवलं होतं की!

आनंदाने ती अण्णांना सांगायला धावली. ते खिडकीपाशी सुईत दोरा ओवत होते. दोरा दर वेळी सुईच्या शेजारून जात होता. शेवटी त्यांनी सुईचं नेढं जिभेने चाचपलं.

ती दारातच थबकली. महिनाभरात अण्णांच्या हातून तीन कप फुटले होते. "वेंधळेपणा वाढलाय तुमचा," म्हणून तिनेच त्यांना झापलं होतं. रोजचं वर्तमानपत्र चाळणंही त्यांनी बंद केलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"अण्णा, दिसत नाहीये ना तुम्हाला?"

"जरा धूसर दिसतं, एवढंच. पुस्तक नीट झालंय ना?" त्यांच्या आवाजात धाकधूक होती.

"झकास झालंय. असं दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. चला, डॉक्टरकडे जाऊ."

"तुझी परीक्षा तोंडावर आलीय, पोरी. उद्या बघू."



"आत्ताच," ती म्हणाली आणि तिने त्यांच्या चपला आणून पायांपाशी ठेवल्या.

"अगं, पण तुझा अभ्यास?"

"झाला, अण्णा."